जवळचा आवाज आधी

निईगाता, १८ एप्रिल

ओरिकासा-सान,

पार्सल काल पोचलं. ज्याच्या आवाजावरून तुम्ही मला बर्फाखाली शोधलंत तो माझा बीकन आत होता. पट्टा धुतलेला, नीट घडी घातलेली. सोबत एक ओळही नव्हती. मग मी पाठवणाऱ्याचा पत्ताच दोन-तीनदा वाचला. तानेगाशिमा. नकाशात शोधावं लागलं. इतक्या दक्षिणेला बर्फ पडतच नसेल. तुम्ही ते बेट का निवडलंत ते कळायला फार डोकं लागलं नाही. उसाच्या शेतावर आहात, एवढं मात्र तुमच्या गावाकडच्या, युनोसावाच्या पोस्टातल्या माणसाकडून कळलं.

मी बरी आहे. खांदा हलतो. कारखान्यात पुन्हा जाऊ लागलेय. तांदळाच्या चकत्या भट्टीतून पट्ट्यावर येतात, त्यातल्या तुटक्या वेचून बाजूला काढायच्या. तेवढं एका हातानंही होतं.

इस्पितळात तुम्ही माझ्याकडून शब्द घेतला होता. तो मी पाळलाय. पोलिसांनी विचारलं, नंतर वर्तमानपत्राच्या माणसानं विचारलं. दोघांनाही सांगितलं की तो उतार ओरिकासा-साननी निवडला आणि त्यांनी सांगितलं म्हणून मी आणि त्यांचा भाऊ शुन्पेई उतरलो. सांगताना जीभ अडखळेल अशी भीती होती, पण अडखळली नाही. वाटाड्याचा परवाना तुम्ही स्वतःहून परत केलात हे मला त्यानंतर कळलं. आधी कळलं असतं तर काय केलं असतं, माहीत नाही.

तुम्ही मला बाहेर काढलंत त्याचे आभार मानायचे आहेत. शुन्पेई गेला त्याबद्दलही काही म्हणायचं आहे. दोन्ही एकाच पत्रात बसत नाही. म्हणून आज फक्त पार्सल मिळाल्याचं कळवते.

उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

मुरोई चिकागे


निईगाता, ९ जून

ओरिकासा-सान,

मागच्या पत्रात एक गोष्ट गाळली होती. पोस्टातल्या माणसाचा उल्लेख वाचून तुम्ही ओळखलंही असेल. मी युनोसावाला जाते. एप्रिलमध्ये पहिल्यांदा गेले, तुमच्या आईंना भेटायला. त्यानंतरही गेले, आणि परवा पुन्हा.

पहिल्या खेपेला कारखान्यातल्या चकत्यांचा डबा घेऊन दारात उभी राहिले. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं. तुमच्या आईंनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“वाचली ती तूच का?”

मी हो म्हटलं.

“मला वाटलं होतं, तरणीताठी असेल.” एवढं बोलून त्या आत गेल्या आणि दार उघडंच ठेवलं.

देव्हाऱ्यात शुन्पेईचा फोटो आहे. गॉगल कपाळावर सरकवलेला, नाक उन्हानं सोललेलं. मी उदबत्ती लावली, चटईला कपाळ टेकलं आणि पाठ केलेलं सगळं विसरले. तशीच राहिले. बऱ्याच वेळानं मागून आवाज आला, “कपाळ घासून चटई झिजेल. बांबूचे कोंब सोलता येतात का?”

येत नव्हते, पण आता येतात. आम्ही पडवीत बसून टोपलीभर सोलले. त्यांनी फारसं काही विचारलं नाही. मध्येच माझा उजवा हात त्यांच्या लक्षात आला असावा. त्यांनी टोपली उचलून माझ्या डाव्या बाजूला ठेवली. डब्यातली एक चकती चावून म्हणाल्या, “तुटक्याच आणल्यास वाटतं? कारखान्यातल्या बायका सगळ्या सारख्याच.” पण डबा ठेवून घेतला.

परवा त्यांच्याबरोबर दुकानात गेले होते. टोफू विकणारी बाई आतल्या कुणाला तरी सांगत होती, सख्खा भाऊ राहिला बाजूला आणि गिऱ्हाईक काढलं आधी, पैसे देणारं माणूस ना! मग तिला आम्ही दिसलो. तुमच्या आईंनी टोफूचा तुकडा पाण्यातून उचलून उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, “आज पाणी फार झालंय यात.”

घरात त्या तुमचं नाव घेत नाहीत. ‘तो’ म्हणतात. छपराची गळती ‘त्या’नं काढली होती. हे पिंप ‘तो’ असता तर हलवलं असतं. मग पिंप स्वतःच ओढायला लागतात.

तुम्हाला राग येत असेल तर तसं कळवा, मी जायची थांबेन.

चिकागे


युनोसावा, १७ ऑगस्ट

ओरिकासा-सान,

तुम्ही आला नाहीत. गेलेल्यांसाठी दारात विस्तव लावतात त्या संध्याकाळी तुमच्या आईंनी सुकी काटकी पेटवली. शुन्पेई पितरांत गेल्यानंतरचा हा पहिलाच ओबोन. गावातले शहरात गेलेले सगळे घरी परतले होते, गाड्या लावायला जागा नव्हती. पाहुण्यांच्या खोल्या तुम्ही गेल्यापासून बंदच आहेत. घरचं लॉज या हिवाळ्यात उघडायचं की कायमचं मिटवायचं, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही. मला ठेवून घेतलं ते तुमच्या वडिलांच्या खोलीत.

हे पत्र त्यांच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. त्या मळ्यात गेल्यात.

त्या दिवशीचं मला जे आठवतं ते आज लिहिणार आहे. गावात सगळे बोलतात, आणि ज्या दोघांनी पाहिलं ते दोघंच गप्प आहेत. इतर कुणाला नाही, निदान तुम्हाला तरी सांगते.

एबोशी डोंगराच्या धारेवर आपण तिघं उभे होतो. माझ्याबरोबरच्या दोघांनी सकाळीच हवा पाहून यायचं रद्द केलं होतं. तुम्ही काठी बर्फात खुपसून पाहिलीत, पुन्हा पाहिलीत, आणि म्हणालात, “खाली पोकळ लागतंय. आज इथून नको. मागे फिरून जंगलातून उतरू.” मला बरंच वाटलं, कारण वाऱ्यानं माझे दात वाजत होते. शुन्पेई माझ्या मागे होता. तो हसला. “दादा, तू म्हातारा झालास.” त्याला काहीतरी सुनवायला तुम्ही मान वळवलीत, तोवर तो माझ्या समोरून निघून गेला होता. दोन वळणं घेतली त्यानं. ओरिकासा-सान, वळणं सुंदर होती. हे कुणीतरी कधीतरी म्हणायला हवं.

मग माळ्यावरून गाद्यांचा ढीग पडावा तसा धप्प आवाज झाला. तुमच्या आणि माझ्या मधून एक रेघ पळत गेली. तुम्ही रेघेच्या पलीकडे राहिलात. माझ्या पायाखालचं सगळं चालू लागलं.

बर्फ थांबल्यावर सिमेंटसारखा झाला. बोटसुद्धा हलेना. डोळे उघडे आहेत की मिटलेले तेही कळेना. मला थोर असं काही आठवलं नाही. कारखान्यातल्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात राहिलीय, उद्या सगळ्यांची पंचाईत होणार, एवढंच मनात येत होतं. मग वरून तुमचा आवाज येऊ लागला. खालून हाक वर जात नाही, पण वरचं सगळं खाली ऐकू येतं. तुम्ही ‘शुन्पेई, शुन्पेई’ म्हणत खणत होतात. जसजसं फावडं जवळ येत होतं तसतशी मला भीती वाटत होती. मी शुन्पेई नाही हे कळल्यावर तुम्ही थांबाल, याची.

शुन्पेईचं हेल्मेट लाल होतं आणि माझं पांढरं. पांढरं दिसलं तेव्हा फावडं थांबलं.

मग पुन्हा सुरू झालं. तुमची बोटं माझ्या तोंडात गेली आणि बर्फ बाहेर आला. “श्वास घ्या, मुरोई-सान,” म्हणालात आणि उठून गेलात.

मी गळ्यापर्यंत गाडलेली, डोकं तेवढं बाहेर. तिथून मी सगळं पाहिलं. तुम्ही स्वतःचा बीकन बर्फाला लावून गुडघ्यांवर सरकत होतात. बीचच्या झाडापाशी बर्फात खुपसलेली लांब सळई कशाला तरी लागली आणि तुम्ही खणायला लागलात. झाडापाशी तो फार खोल होता. तो सापडला, आणि तुम्ही त्याच्या छातीवर हात दाबत बसलात, हेलिकॉप्टर येईपर्यंत. त्याआधीच तुम्हाला कळलं होतं. मलाही कळलं होतं.

फावडं थांबलेलं मला कळलं, म्हणून तुम्ही माझ्याकडे बघायचं टाळता, असं मला इस्पितळात वाटलं. थांबलं ते थांबू दे. माझाही भाऊ असता तर माझंही थांबलं असतं. ते पुन्हा सुरू झालं त्यावर मी जगतेय.

खांदा हलतो असं लिहिलं होतं. तो हलत नाही. पण बाकी सगळं हलतं.

चिकागे


निईगाता, ५ नोव्हेंबर

ओरिकासा-सान,

मी शब्द मोडलेला नाही. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्हाला तसं वाटेल.

मागच्या आठवड्यात तुमच्या आईंचा फोन आला. एरवी त्या फोन करत नाहीत. “तुझं ते टिकटिक यंत्र घेऊन ये,” म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

मी गेले तेव्हा भाताची कापणी होऊन गेली होती आणि मागच्या अंगणात तुसाचे ढीग पडले होते. पायरीवर दोन बीकन मांडून ठेवलेले. एक शुन्पेईचा, पोलिसांनी परत केलेला. दुसरा तुमचा जुना, लाकडांच्या खोपटात सापडलेला. दोन्हींत नवे सेल घातलेले होते.

“हे दोन्ही पुरून ये. कुठे ते मला सांगू नकोस.” त्यांनी पाठ फिरवली आणि डोळ्यांवर हात ठेवले, लपाछपीत राज्य असल्यासारखे.

मी एक जवळच्या ढिगात पुरला आणि दुसरा पलीकडे खोपटाच्या बाजूला. मग माझा बीकन शोधण्यावर लावून त्यांच्या हातात दिलं. रबरी बूट घालून, यंत्र कंदिलासारखं समोर धरून त्या चालू लागल्या. सुरुवातीला उलट्या दिशेला गेल्या. आकडा वाढायला लागला तशा थबकल्या, वळल्या.

“कोण दाखवतंय हे?”

“जवळचं, काकू.”

“जवळचं म्हणजे कोण?”

“ते नाही कळत. किती लांब तेवढं कळतं.”

“दुसराही ऐकू येतोय ना यात?”

येतो, मी म्हटलं, दोघं आहेत हेही दिसतं. पण जवळचं माणूस सोडून लांबच्याकडे धावलं तर दोन्ही हातचे जातात. म्हणून जवळचा आवाज आधी, असं सगळ्यांनाच शिकवतात. “तुमच्या थोरल्यानं मलाही तेच शिकवलं होतं, त्याच सकाळी, याच अंगणात.”

त्या गुडघ्यांवर बसल्या आणि हातांनी तूस उपसायला लागल्या. मी मदतीला वाकले तर कोपरानं ढकललं. तुमचा जुना बीकन वर आला. तो त्यांनी उलटसुलट करून पाहिला.

“म्हणजे याला नाव कळत नाही.”

“नाही.”

मग त्या उठल्या आणि खोपटाकडे गेल्या. तिथून शुन्पेईचा काढला. त्याच्या फटींत तूस अडकलं होतं ते कमरेला बांधलेल्या कापडाच्या टोकानं एकेक करून काढलं. पायरीवर येऊन बसल्या. माझ्याकडे न बघता विचारलं, “आधी कोण उतरलं?”

मी पोलिसांना सांगितलं तेच सांगायला लागले.

“ते मी पेपरात वाचलंय. मी विचारतेय, आधी कोण उतरलं?”

मी काहीच बोलले नाही. खरंच नाही, ओरिकासा-सान. खाली बघत राहिले.

“शुन्पेई भात शिजायच्या आत झाकण काढायचा,” त्या म्हणाल्या. “पोटात होता तेव्हाही दिवस भरायच्या आधीच आला. थोरल्यानं थांब म्हटलं असेल आणि हा निघाला असेल. मला काय सांगायचं असतं ते? दोघांना मी वाढवलंय.”

मी रडत होते. त्या रडत नव्हत्या.

“गप्प राहा असं तुला त्यानंच सांगितलं ना? मग राहा गप्प. तू शब्द दिलायस. मी कुणाला दिलेला नाही.” मग यंत्र बंद कसं करतात ते विचारलं आणि स्वतःच्या हातानं दोन्ही बंद केले. “माझ्यासाठी म्हणून खोटं बोलला. आईला धाकट्याचा राग येऊ नये म्हणून. येईना का राग! मेलेल्या पोरावर रागवायचा मला हक्क नाही का? बर्फानं माझा एकच नेला. दुसरा का गेला, ते विचार त्याला. पत्रं लिहितेस ना?”

पत्रांचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. पोस्टातल्या माणसाच्या पोटात काही राहत नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला घेऊन दुकानात गेल्या. तीन-चार बायका होत्या. तुमच्या आईंनी टोफू मागितला आणि सुटे काढता काढता नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, “आमचा धाकटा आपल्या पायांनी उतरला. नको म्हटलेलं असताना उतरला. थोरल्यानं जे माणूस जवळ होतं ते काढलं, मग दुसरं काढलं. आणखी कुणाला काही विचारायचं असेल तर मी दुपारी घरी असते.”

दुपारी कुणी आलं नाही. संध्याकाळी टोफूवालीनं कागदात गुंडाळून तळलेला टोफू पाठवला. तुमच्या आई म्हणाल्या, “तेल जुनं आहे.” आम्ही सगळा खाल्ला.

तर मी त्यांचा प्रश्न विचारतेय. दुसरा का गेला?

चिकागे


निईगाता, १९ जानेवारी

ओरिकासा-सान,

तुम्ही आईंना पाठवलेला गूळ पोचला. त्यातही चिठ्ठी नव्हती म्हणे. त्यांनी खडा तोंडात टाकून सांगितलं, जळकट आहे. मग दुसरा टाकला. नव्या वर्षासाठी काळ्या सोयाबीनचे दाणे शिजवले त्यात तोच घातला होता.

वर्षश्राद्ध ११ फेब्रुवारीला आहे. भटजी सांगून ठेवलेत. तुम्हाला कळवू का असं मी विचारलं, तर म्हणाल्या की त्याला तारीख माहीत आहे. त्यांनी पाहुण्यांच्या खोल्या उघडल्यात. गाद्या उन्हात घालायला ऊनच नाही म्हणून शेगडीभोवती उभ्या करून ठेवल्या आहेत, चालायला जागा नाही. हे सगळं कुणासाठी, असं मी विचारलं नाही.

मी अजून स्की बांधलेल्या नाहीत. पण परवा त्यांच्या छपरावरचा बर्फ पाडायला मदत केली. ढीग खाली कोसळला तेव्हा त्या आवाजानं मी शिडीच्या पायरीवरच बसून राहिले. त्यांनी येऊन माझ्या हातातलं फावडं घेतलं, उरलेलं काम संपवलं आणि नंतर चहा दिला. म्हणाल्या, “मलाही ऐकवत नाही. पण छप्पर बसेल.”

तुम्ही तिकडे ऊस तोडत असाल. हंगाम असेल, मला कळतं. मी या म्हणत नाही. मला तो अधिकार नाही. मी जिवंत आहे, म्हणूनच तर नाही.

एवढंच सांगते की त्या घरात आता तुमचं नाव घेतलं जातं. गूळ आला त्या दिवशी पहिल्यांदा. “तात्सुओला काळ्या गुळाची चव कधी कळली नाही,” असं म्हणाल्या. म्हणाल्या ते मला नाही, देव्हाऱ्यातल्या फोटोला.

चिकागे


निईगाता, १२ फेब्रुवारी

ओरिकासा-सान,

हे पत्र युनोसावाच्या पत्त्यावर टाकतेय.

काल वर्षश्राद्ध झालं. भटजी आले, गावातली दहा-बारा माणसं आली, टोफूवालीही आली आणि सगळ्यांच्या मागे बसली. मंत्र चालू असताना दाराचा आवाज झाला की सगळ्यांच्या माना वळत. तुमच्या आईंची एकदाही वळली नाही. जेवताना कुणीतरी तुमचा विषय काढला. त्यांनी त्याच्या वाडग्यात भात वाढला आणि रात्री किती बर्फ पडेल ते विचारलं. माणसं गेल्यावर आम्ही भांडी घासली. मला वाटलं होतं, आता तरी त्यांचा धीर सुटेल. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, “समुद्र खवळला असेल. बेटावरून बोट सुटायला हवी ना.”

आज सकाळी त्यांनी मला बसथांब्यावर हाकललं. “तुझ्या चकत्या तुटतायत तिकडे,” म्हणाल्या. मी आणखी एक दिवस राहते म्हटलं, तर ऐकेनात. तुमच्या धाकट्या भावाचा स्वभाव कुठून आला ते मला आज समजलं.

तिसऱ्या वळणाच्या खाली रस्ता एकाच गाडीपुरता उरलाय, दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती बसच्या टपापर्यंत. तिथे समोरून वर जाणारी बस आली. आमच्या ड्रायव्हरनं गाडी मागे घेतली आणि भिंत कोरून रुंद केलेल्या जागेत लावली. दुसरी बस अगदी खेटून हळूहळू पुढे सरकली. काचेला काच लागेल इतकी जवळ.

तुम्ही मधल्या खिडकीत होतात. आधी ओळखू आला नाहीत. काळे पडलात. केस अगदी बारीक कापलेले. मांडीवर पिशवी होती आणि तुम्ही ती दोन्ही हातांनी धरली होती. तुमचं तोंड पलीकडे होतं. तिकडे, भिंत संपते तिथे, एबोशी दिसत होता. सकाळचं ऊन त्याच्यावर होतं आणि तुम्ही त्याच्याकडे बघत होतात. नजर वळवत नव्हतात.

मी काच ठोकली असती तर तुम्ही वळला असतात. मग एकमेकांना वाकून नमस्कार झाला असता. मला पाहून तुम्हाला परत ते सगळं आठवलं असतं. काय माहीत, उतरूनही गेला असतात. हात काचेपर्यंत नेला आणि तसाच ठेवला.

बस निघून गेली. आमची पुन्हा रस्त्यावर आली. मी उठून मागच्या काचेतून बघत होते, म्हणून ड्रायव्हरनं विचारलं, वरच्या बसमध्ये कुणी ओळखीचं होतं का?

मी म्हटलं, “हो. घरी निघालेत.”

चिकागे